एका वर्षाचं विमानतळ, ऐंशी वर्षांची जमीन

पेरणीआधीचे दिवस आहेत, रानात काम थोडं कमी आहे, म्हणून आज पिकाऐवजी जमिनीच्या इतिहासावर लिहितो. विषय विमानांचा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट आपल्याच कामाची आहे.

नागपूर-गोंदियाहून हावड्याची गाडी पकडली की रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर अशी ती जाते. टाटानगर सोडलं की घाटशिला, मग चाकुलिया, झाडग्राम, कलाईकुंडा आणि खरगपूर. खिडकीबाहेर लाल माती, सालाची झाडं, मधूनमधून भाताची खाचरं. आपल्या विदर्भातले कितीतरी लोक या मार्गाने जातात. पण या पट्ट्यात १९४४ साली जगातलं त्या वेळचं सगळ्यात मोठं बॉम्बर विमान उतरत होतं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

विमानाचं नाव बी-२९. पंखांचा पसारा १४१ फूट. पेट्रोल आणि बॉम्ब भरले की वजन साठ टनांच्या पुढे. आपला नेहमीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा धरा. म्हणजे तीस ट्रॅक्टरांचं ओझं मोजक्या चाकांवर, तेही पळत्या वेगात. एवढं वजन झेलायला कसली जमीन लागेल, याचा विचार करा. गोष्ट तिथूनच सुरू होते.

जमिनीने जागा ठरवली

१९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि युद्ध बंगालच्या दारात आलं. पूर्व भारतात घाईघाईने धावपट्ट्या बांधायला सुरुवात झाली. पुढे अमेरिकेने ठरवलं, की भारतातून उडून, हिमालय ओलांडून, चीनमध्ये पेट्रोल भरून जपानवर बॉम्ब टाकायचे. त्यासाठी पाच जागा घेतल्या: चाकुलिया, खरगपूरजवळचं कलाईकुंडा, दुधकुंडी, बांकुडा जिल्ह्यातलं पियारडोबा आणि पुरुलियाकडचं चर्रा. चर्रा नंतर सोडलं, बाकी चार राहिली. मुख्यालय खरगपूरला.

हाच पट्टा का? पहिलं कारण रेल्वे. खरगपूर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेचं मोठं जंक्शन आणि वर्कशॉप. जमिनीवर काम करणारे बरेच अमेरिकन कर्मचारी जहाजाने मुंबईला उतरले आणि आगगाडीने देश ओलांडून इथे पोचले. दुसरं कारण कोलकात्याचं बंदर जवळ. तिसरं कारण मात्र मातीचं, आणि ते कृषी पदवीधरांनी नीट लक्षात घ्यावं.

खालचा बंगाल म्हणजे गाळाची जमीन. पावसाळ्यात गुडघाभर पाणी. तिथे साठ टनांचं विमान रुतून बसेल. मेदिनीपूर-बांकुड्याचा पश्चिम भाग मात्र उंचवट्याचा आणि जांभ्याचा. कोकणातल्या मंडळींना जांभा सांगायला नको. सड्यावरचा तोच लालसर, भोकाभोकांचा दगड. ओला असताना चिरे कापावेत, वाऱ्या-उन्हात ठेवला की कडक होतो. पाणी थांबत नाही, चाक रुतत नाही. आज आपल्याकडे रत्नागिरीची धावपट्टी किंवा सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहे, त्यामागेही हाच हिशोब. तिकडच्या लाल खडीच्या रस्त्याला बंगालीत ‘मोराम’चा रस्ता म्हणतात. आपला मुरूमच तो.

म्हणजे जी जमीन पिकाला नाठाळ, ती विमानाला सोयीची. लोह आणि अॅल्युमिनियम जास्त, माती आम्लधर्मी, टाकलेलं स्फुरद धरून ठेवते आणि पिकाला देत नाही, सेंद्रिय कर्ब कमी, पाणी धरायची ताकद कमी. कागदावर अशा जमिनीला एकच शब्द असतो: पडीक.

पडीक म्हणजे रिकामी नव्हे

इथेच खरी मेख आहे. आपल्याकडे गायरान, पोटखराबा, माळ हे शब्द फाईलमध्ये वाचले की साहेबाला वाटतं जागा मोकळी आहे. गावाला माहीत असतं की नाही.

त्या भागातला शेतकरी जमिनीचे उतारावरून चार प्रकार करतो. सगळ्यात वरचं टाँड, त्याखाली बाईद, मग कनाली आणि सगळ्यात खाली बहाल. बहालात उशिराचं, हमखास भात. बाईदात लवकर येणारं, पावसाच्या भरवशावरचं भात. टाँडावर कोदो-कुटकीसारखं हलकं धान्य, कुळीथ, गुरांची चराई. गोंदिया-भंडाऱ्याचा शेतकरी कन्हार, मोरंड, सिहार, बरडी म्हणतो तीच ही रीत. नावं वेगळी, डोळा तोच.

टाँडाच्या अवतीभवती सालाचं जंगल. संथाळ, मुंडा, महातो, लोधा अशा समाजांचं निम्मं पोट त्यावर. सालाची पानं, सरपण, सबई गवताचे दोर, मोहाची फुलं. गडचिरोलीच्या माणसाला मोह म्हणजे काय ते सांगायची गरज नाही. दुष्काळात घरात धान्य नसतं तेव्हा हेच ‘पडीक’ माणसाला जगवतं.

आता एक हिशोब करू. धावपट्टी साडेसात हजार फूट लांब करायची होती. रुंदी १५० फूट धरली तर नुसती पट्टीच जवळपास २६ एकर. त्याला जोडून विमानं फिरवायचे रस्ते, उभी करायच्या जागा, बॉम्बची कोठारं, पेट्रोलच्या टाक्या, छावणी. सगळं मिळून शेकडो एकर. एकेका तळाला. जागा ताब्यात घ्यायला ‘भारत संरक्षण नियम’ होते. युद्धकाळात सरकारला हवी ती मालमत्ता ताब्यात घेता येत होती. वाटाघाटीला जागा नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. टाँड हे उताराचं डोकं. तिथे पाऊस मुरतो आणि खालच्या बाईद-कनालीला ओल देतो. त्या डोक्यावर २६ एकर काँक्रीट घातलं, तर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे एक कोटी लिटर पाणी न मुरता वाहतं. पाणलोटाचं काम केलेल्या कुणालाही कळेल की त्याचा फटका खालच्या बांधांना बसणार. पट्टीची किंमत पट्टीपुरती कधीच नसते.

त्याच वेळी भात कुठे होता

या धावपट्ट्यांचा काळ आणि बंगालच्या महादुष्काळाचा काळ एकच आहे. हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत असतात, म्हणून एकत्र वाचले जात नाहीत.

१६ ऑक्टोबर १९४२ ला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं. साडेचौदा हजारांच्या आसपास माणसं आणि १ लाख ९० हजार जनावरं गेली. बैल गेला म्हणजे पुढची नांगरट गेली, हे वेगळं सांगायला नको. त्याच हंगामात भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पसरला. बांकुडा आणि चिनसुरा इथल्या भात संशोधन केंद्रांच्या नोंदी तपासून एस. वाय. पद्मनाभन यांनी १९७३ साली दाखवलं, की १९४२ मध्ये कित्येक वाणांचं उत्पादन ४० ते ९० टक्क्यांपर्यंत पडलं होतं. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ आधीच बंद झालेला. वर सरकारचं ‘नकार धोरण’: जपानी आले तर त्यांच्या हाती पडू नये म्हणून किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांतला जादा तांदूळ उचलला आणि मोठ्या होड्या जप्त केल्या. नदीच्या मुलखात होडी म्हणजे बैलगाडी. तीच गेली तर बाजार कसा गाठायचा?

अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात वेगळा मुद्दा मांडला. त्यांच्या मते धान्य एकूण कमी पडलं त्याहून जास्त महत्त्वाचं हे, की ते विकत घ्यायची गरिबाची ताकद संपली. कोलकात्यात तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्ये तो ३० च्या वर गेला, ऑगस्टमध्ये ३७ वर. युद्धाच्या कामांवर सरकार पैसा ओतत होतं. कारखाने, गोद्या, छावण्या, धावपट्ट्या. ज्याच्या हातात तो पैसा पडला तो महाग तांदूळ घेऊ शकला. शेतमजूर, कोळी, होडीवाला यांची मजुरी भावाच्या मागे राहिली. सरकारी चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत नेला. मेदिनीपूर सगळ्यात जास्त पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक.

रोग की महागाई, यावर आजही तज्ज्ञांत वाद आहे. आपल्यासारख्यांना दोन्ही खरं वाटतं. पीकही गेलं आणि भावही गेला, असं वर्ष आपण पाहिलेलं असतं. धावपट्ट्यांमुळे दुष्काळ पडला असं मी म्हणत नाही. पण जमीन, मजूर, रेल्वेचे डबे आणि पैसा यांचा पहिला मान कुणाला, हे त्या दोन वर्षांत ठरलं होतं. भात रांगेत शेवटी होता.

हिमालयापलीकडची खाचरं

आता दुसरं टोक पाहू. विमानं भारतातून उडून सुमारे १,९०० किलोमीटरवर चीनच्या सिचुआन प्रांतात चेंगडूला उतरत. चेंगडूचं मैदान म्हणजे दुजियांगयानच्या दोन हजार वर्षांहून जुन्या कालव्यांवर भिजणारी, चीनमधली अव्वल भातजमीन. तिथे जांभा नाही, माळ नाही. खाचरांतच धावपट्ट्या घालायच्या होत्या.

१९४४ च्या सुरुवातीला तीन लाखांहून जास्त चिनी शेतकरी-मजूर सक्तीने या कामावर लावले. यंत्रं जवळपास नव्हतीच. खाचरातलं पाणी काढून टाकायचं, चिखल उपसायचा, नदीतले गोटे टोपल्यांनी वाहायचे, हातोड्याने फोडून खडी करायची, आणि दहा टनी रोलर शेकडो माणसांनी दोराने ओढायचा. काही महिन्यांत साडेआठ हजार फुटांच्या पट्ट्या उभ्या राहिल्या. ज्याने आयुष्यभर चिखलणी करून खाचराचा तळ घट्ट केला, त्यालाच ते खाचर दगडांनी भरावं लागलं. त्याच्या मनात काय आलं असेल, ते शेतकऱ्यालाच कळेल.

उत्पादन खर्च

एवढं करून पदरात काय पडलं? आपण पिकाचा जमाखर्च मांडतो तसा मांडू.

पहिलं बी-२९ एप्रिल १९४४ मध्ये भारतात उतरलं. पहिली मोहीम ५ जून १९४४ ला, बँकॉकच्या रेल्वे कारखान्यांवर. ९८ विमानं उडाली, ७७ लक्ष्यापर्यंत पोचली, पाच गमावली. ती शत्रूच्या माऱ्याने नाही पडली, बिघाड आणि अपघातांनी गेली. १५ जूनच्या रात्री चेंगडूहून जपानच्या यावाता पोलाद कारखान्यावर हल्ला. ४७ विमानांनी बॉम्ब टाकले, पण कारखान्याचं जवळजवळ काहीच बिघडलं नाही.

खरा खर्च पेट्रोलचा. चेंगडूला समुद्र नाही, रेल्वे नाही. प्रत्येक थेंब भारतातून हिमालयावरून उडवत न्यायचा. एका विमानाला जपानपर्यंत एकदा जाता यावं म्हणून साधारण सहा वेळा हिमालय ओलांडून पेट्रोल साठवावं लागेल, असा अंदाज होता. पाच मैलांवरच्या विहिरीतून टँकरने पाणी आणून ऊस पिकवावा, आणि टँकरच्या डिझेलमध्येच उसाचं बिल जावं, तसला हा प्रकार.

वर खरगपूरचा उन्हाळा. विमानाची इंजिनं आधीच तापणारी. दुपारी पत्र्याला हात लावता येत नसे, म्हणून मिस्त्री पहाटे आणि रात्री काम करत. विदर्भात मे महिन्यात आपण पंपाची दुरुस्ती कधी करतो? तेच.

मार्च १९४५ अखेरपर्यंत एकूण ४९ मोहिमा झाल्या. त्यातल्या जपानच्या भूमीवरच्या फक्त नऊच्या आसपास. युद्धानंतर अमेरिकेच्याच सरकारी पाहणीने निष्कर्ष काढला, की चीनमार्गे केलेल्या या खटाटोपाच्या मानाने फळ मिळालं नाही. जानेवारी १९४५ मध्ये चेंगडू सोडलं. वसंतात खरगपूरचे तळही रिकामे होऊन विमानं प्रशांत महासागरातल्या तिनियान बेटावर गेली. ते बेट म्हणजे जपानी कंपनीने लावलेला ऊसच ऊस. त्या उसाच्या रानांतून नव्या धावपट्ट्या निघाल्या, आणि ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारं विमान तिथूनच उडालं.

जांभ्याचा माळ, भाताचं खाचर, उसाचं रान. एका विमानासाठी तीन देशांतली तीन जमिनींची पिकं उठली. खरगपूरच्या तळांचं खरं काम जेमतेम एक वर्ष चाललं.

नंतर काय झालं

विमानं गेली, जमीन राहिली.

कलाईकुंडा पुढे भारतीय हवाई दलाचा मोठा तळ झाला. १९६५ च्या युद्धात ७ सप्टेंबरला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सेबर विमानांनी तिथे हल्ला केला. उभी असलेली आपली विमानं जळाली. दुसऱ्या फेरीला फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक यांनी हंटर विमानातून अगदी कमी उंचीवर त्यांचा पाठलाग केला. त्यांना वीरचक्र मिळालं. दुधकुंडीचा वापर हवाई दलाच्या सरावासाठी होत आला. बाकीच्या पट्ट्यांनी पुढे विमानांची तशी वर्दळ पाहिली नाही.

आणि मुख्यालय? ते होतं हिजलीच्या बंदिशाळेत. ब्रिटिशांनी क्रांतिकारकांना डांबायला वापरलेली इमारत. १६ सप्टेंबर १९३१ ला तिथल्या निःशस्त्र कैद्यांवर गोळीबार झाला, संतोषकुमार मित्रा आणि तारकेश्वर सेनगुप्ता हे दोघे हुतात्मा झाले. स्वातंत्र्यानंतर त्याच इमारतीत देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. १९५२ मध्ये तिथे कृषी अभियांत्रिकी विभाग निघाला. जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत चुना किती टाकायचा, पाणी कसं धरायचं, भाताला यंत्र कुठलं चालेल, यावर त्या परिसरात वर्षानुवर्षं काम झालं. ज्या मातीला युद्धाने ‘पडीक’ म्हणून उचललं, तिच्यातून पीक कसं काढायचं याचा अभ्यास बॉम्बरच्या मुख्यालयाच्या आवारात झाला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

काँक्रीटखालची माती मात्र एवढ्या सहज परत येत नाही. वरचा थर खरवडलेला असतो, खालचा रोलरने दाबलेला. मुळं जात नाहीत, गांडूळ नाही, पाणी मुरत नाही. काँक्रीट उखडलं तरी सबसॉयलर, हिरवळीचं खत, शेणखत आणि कितीतरी वर्षं लागतात. इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात आणि झाकायला एक आठवडा पुरतो.

आपल्यासाठी दोन गोष्टी

पहिली. विमानतळ, रस्ते, कारखाने होणारच, आणि काही व्हायलाही हवेत. देशावर वेळ आली तर जमीन द्यावी लागते, तेही मान्य. पण जागा निवडताना ‘पडीक’ या शब्दावर गावाने बोललं पाहिजे. चराई किती, पाणी कुठून कुठे मुरतं, मोह-टेंभुर्णी किती घरांना पुरते, हे मोजून, लिहून ग्रामसभेच्या ठरावात घाला. जे लिहिलेलं नाही ते मोबदल्यात येत नाही. मेदिनीपूरच्या बॉम्बच्या टनांचा हिशोब आज मिळतो, पण त्या टाँडावर किती गुरं चरत होती याचा नाही.

दुसरी. महायुद्धाच्या काळातल्या अशा पट्ट्या आपल्याकडेही आहेत. याच रेल्वेमार्गावर गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी त्याच दिवसांतली. आज तिथून वैमानिक शिकून बाहेर पडतात. तुमच्या भागात अशी जुनी पट्टी असेल, तर गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: त्याआधी तिथे काय पिकायचं? कुणाचं रान होतं? मोबदला मिळाला का? जुना सातबारा, फेरफार सापडला तर फोटो काढून ठेवा. विमानांची नोंद सरकारने ठेवली आहे. रानाची नोंद आपणच ठेवायची आहे.

काही मिळालं तर खाली लिहा, सगळ्यांनाच वाचायला आवडेल. आणि हो, जांभ्यात भात करणाऱ्या कोकणच्या मंडळींनी स्फुरदाचा आपला अनुभव जरूर सांगा. पेरणी तोंडावर आली आहे.